माफ केलं म्हणजे जाणं-येणं पण सुरू करायचं का?

नागपूरच्या महाल भागातलं वडिलोपार्जित घर, भावानं हक्कसोडपत्रावर माझी सही घेतली, कागद कशाचा ते सांगितलंच नाही, 2005 पासून मुलीचाही सारखा हक्क आहे हे मला मागून कळलं. आता राग खरंच गेलाय पण पोळ्याला बोलावलं तर पाय उचलत नाही. माझी माफी खोटी का?

– ताई, खोटी काऊन असंल? माफ करणं एकटीचं काम, समेटाला दोघं लागतात. तो एकदा तरी चुकलो म्हणाला का?

– नाही. सांबारवडीचा डबा पाठवतो फक्त.

– माझ्या आजीनं काकांना माफ केलं, चहा दिला, पण कपाटाची किल्ली पदरालाच ठेवली. बरोबरच केलं तिनं, भरवसा हळूहळू येतो.

– डबा रिकामा नका परत करू ताई, साखर टाकून द्या. घरी मन होईल तेव्हा जा.