मदत हवी आहे : गोवंडीचे ठिपके समुद्रात पडतायत, वर्तुळ अख्खा नकाशा व्यापतंय

नव्वद_फुटी
तातडीचं आहे. शिवाजीनगर-बैंगनवाडी भागात घरोघर फिरून धूर आणि वासाच्या तक्रारी मोबाईलवर भरून घेतल्या आहेत, लोकांचं बोलणंही रेकॉर्ड केलंय. आता नकाशावर टाकायला गेलो तर ठिपके समुद्रात. देवनारच्या कचरा डंपिंगभोवती ५०० मीटरचं वर्तुळ काढलं तर सगळा नकाशा भरून जातो. गल्ल्यांची नावं प्रश्नचिन्हांत दिसतात. दोन दिवस यातच गेले. १२ दिवसांनी दाखवायचंय. कोणीतरी सरळ सांगा काय चुकतंय.

खारफुटी
कुठल्या समुद्रात? सॉफ्टवेअर कुठलं? माहिती कशात भरली? आणि कोणाला दाखवायचंय?

नव्वद_फुटी
समुद्रात म्हणजे समुद्रात! क्यूजीआयएस. कोबो टूलबॉक्स.

खारफुटी
ठाण्याच्या खाडीत पडत असतील तर जीपीएसची अचूकता कमी पडतेय. पार उत्तरेला, नॉर्वेच्या वर पडत असतील तर कारण अगदी वेगळं आहे. नकाशा लहान करून बघा.

नव्वद_फुटी
नॉर्वेच्या वर! सगळे ६४ एकाच ठिकाणी गोळा झालेत.

खारफुटी
मग अक्षांश-रेखांश उलटे गेलेत. कोबो अक्षांश आधी लिहितं, त्यामुळे बहुतेक जण तो रकाना 'एक्स'मध्ये टाकतात. एक्स म्हणजे रेखांश (७२.९ च्या आसपास), वाय म्हणजे अक्षांश (१९.०६ च्या आसपास). अदलाबदल करा, ठिपके गोवंडीत येतील.

प्रश्नचिन्हांचं : फाइल एक्सेलमध्ये उघडून साध्या सीएसव्हीत सेव्ह केली असणार. त्यात देवनागरी कायमची जाते, ती फाइल दुरुस्त होत नाही. कोबोवरून एक्सएलएसएक्स पुन्हा उतरवा आणि तीच थेट क्यूजीआयएसमध्ये ओढा. (प्रश्नचिन्हांऐवजी चित्रविचित्र लॅटिन अक्षरं दिसली असती तर मजकूर शाबूत असता, फक्त एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडायचं होतं.)

मोजपट्टी
वर्तुळाचं मी सांगतो. तुमचा नकाशाचा थर (लेयर) अंशांत आहे, म्हणून ५०० म्हणजे ५०० अंश. आपल्याकडे एक अंश उत्तर-दक्षिण साधारण १११ किलोमीटर होतो. मुंबईसाठी मीटरमध्ये मोजणारी पद्धत, यूटीएम ४३ उत्तर घ्या, क्रमांक ३२६४३. पण तो खाली उजव्या कोपऱ्यात बदलू नका, त्याने फक्त दिसणं बदलतं. 'सेट लेयर सीआरएस'ही नको. त्याने जुन्याच आकड्यांवर नवी चिठ्ठी लागते आणि ठिपके पुन्हा भलतीकडे जातात. 'रिप्रोजेक्ट लेयर'ने नवा थर तयार करा आणि बफर (म्हणजे तुमचं वर्तुळ) त्याच्यावर काढा. मग ५०० म्हणजे ५०० मीटर.

गवती_चहा
आधी महाभूलेखवर जाऊन जमिनीचा सातबारा काढा. मालकी कळल्याशिवाय नकाशाला अर्थ नाही.

मोजपट्टी
तिथे नगर भूमापन आहे, मिळकत पत्रिका निघते. आणि त्यांनी मालकी विचारलेलीच नाही.

हवामापक
तक्रारींच्या नकाशाला अधिकारी 'लोकांचं म्हणणं' म्हणून बाजूला ठेवतात. आकडा हवा. लेझरवाले छोटे धूलिकण-मापक चार-पाच घरांत लावा आणि पीएम २.५ ची (अतिसूक्ष्म धूलिकणांची) २४ तासांची सरासरी काढा. राष्ट्रीय मर्यादा ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. तिच्या वर गेलेले दिवस लाल करा, विषय संपला.

खारफुटी
१२ दिवसांत? ही यंत्रं कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजतात. हवा दमट झाली की कण पाणी पिऊन फुगतात आणि आकडा वाढतो. सकाळी आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेली की तो आकडा धुराचा की दवाचा हे सांगता येत नाही. आधी सरकारी मापन केंद्राशेजारी निदान दोन आठवडे ठेवून तुलना करावी लागते. ती केली नसेल तर समोरचा पहिल्याच प्रश्नात आकडा खोडेल, आणि लोकांचं खरं बोलणंही त्याच्यासोबत खोडलं जाईल.

हवामापक
दुरुस्ती करता येते हो. आर्द्रतेचा रकाना सोबत नोंदवायचा. मापनाशिवाय न्याय मागायचा कशावर?

खारफुटी
मापन हवंच. पण पुढच्या टप्प्यात, नीट. आत्ता त्यांच्याकडे त्याहून चांगली गोष्ट आहे : वेळ. नव्वद_फुटी, 'वास कधी येतो' हे विचारलं होतं का? आणि 'त्रास नाही' म्हणाली ती घरं नोंदवली का?

नव्वद_फुटी
ठिपके आले! वर्तुळही आलं. आभार. वेळ विचारली नव्हती, पण रेकॉर्डिंगमध्ये बरेच जण 'पहाटे' म्हणतात. त्रास नाही म्हणणारी घरं सोडून दिली. दाखवायचंय प्रभागातल्या बैठकीत, महापालिकेचे आणि प्रदूषण मंडळाचे लोक येणार आहेत.

खारफुटी
सोडून दिली ती घरं आठवून परत जोडा. नाहीतर नकाशा तुम्ही कुठे फिरलात एवढंच दाखवेल, त्रास कुठे आहे ते नाही. न फिरलेल्या गल्ल्या करड्या रंगात ठेवा.

'पहाटे' हा शब्द सोन्यासारखा आहे. डंपिंग खाडीला लागून, वस्तीच्या ईशान्येला. हिवाळ्यात रात्री आणि पहाटे मतलई वारे खाडीपलीकडच्या जमिनीकडून येतात आणि धूर वस्तीवर आणतात. दुपारी पश्चिमेच्या समुद्राकडून खारे वारे सुटले की तोच धूर खाडीकडे जातो. पावसाळ्यात वारा नैऋत्येचा. म्हणून ५०० मीटरचं गोल वर्तुळ इथे फसवं आहे : खाडीच्या बाजूला कोणी राहत नाही ती जागाही 'बाधित' दिसते आणि वाऱ्याच्या वाटेवरची ७०० मीटरवरची गल्ली सुटते. वर्तुळ फिकट ठेवा, ठिपक्यांना वेळेप्रमाणे तीन रंग द्या : पहाट, दिवस, रात्र.

आणि ६४ घरांना परत एकच फेरी मारून पाच गोष्टी विचारा : आठवड्यातून किती वेळा, किती वाजता, किती वेळ टिकतो, कशासारखा वास (जळकं प्लास्टिक, कुजका, औषधी), किती उग्र, ० ते ५. या पाच रकान्यांमुळे गोष्ट पुरावा बनते.

उपग्रह_भाऊ
आगीच्या तारखांसाठी नासाचा 'फर्म्स' हा उष्णबिंदूंचा साठा मोफत आहे, ३७५ मीटर रुंदीचे चौकोन. जानेवारी २०१६ ची देवनारची मोठी आग शोधून सवय करून घ्या, मग लोक सांगतात त्या तारखा पडताळा. पण उपग्रह दुपारी आणि रात्री दीडच्या सुमाराला जातो. पहाटेची धुमसती छोटी आग त्याला दिसत नाही. बिंदू नाही म्हणजे आग नव्हती, असं कोणी म्हणालं तर हे सांगा. ड्रोन उडवायचा विचार मात्र करू नका, शेजारी भाभा अणुसंशोधन केंद्र आहे.

कागदकाम
संगणकाच्या नादात मुख्य गोष्ट राहतेय. बैठकीत पडद्यावरचा नकाशा दोन मिनिटांत पुढे सरकतो. ए-१ कागदावर १:४००० ने छापा, १ सेंटिमीटरला ४० मीटर. साधारण २.४ बाय ३.४ किलोमीटर बसतात, वस्ती आणि डंपिंग दोन्ही. बैठकीच्या आदल्या रविवारी तो गल्लीत पसरा, बायांच्या हातात स्केचपेन द्या. पाण्याचा नळ, शाळा, सार्वजनिक संडास, धूर साचतो तो बोळ त्या स्वतः दाखवतील. उपग्रहचित्रात पत्र्याखालचं काही दिसत नाही.

हवामापक
स्केचपेनच्या खुणा मंडळ मान्य करतं का?

कागदकाम
रस्ता, नळ, शाळा या खुणा कोणीही जागेवर जाऊन तपासू शकतो. तपासता येण्याला महत्त्व आहे.

सोनचाफा
एक गंभीर गोष्ट कोणीच बोललं नाही. घराचा नेमका ठिपका, घरातल्या दम्याची माहिती आणि घरधन्याचा आवाज, हे तिन्ही महापालिकेसमोर एकत्र ठेवताय. ज्यांच्याकडे झोपडीचे पक्के कागद नाहीत त्यांच्यासाठी हाच नकाशा उद्या पाडकामाची यादी होऊ शकतो. छापील प्रतीत ठिपके नकोतच. 'क्रिएट ग्रिड'ने २०० मीटरचे चौकोन करा, 'काउंट पॉइंट्स इन पॉलिगॉन'ने मोजा, आणि ज्या चौकोनात पाचपेक्षा कमी घरं आहेत तो शेजारच्यात मिळवा. मूळ फाइल एकाच संगणकावर, पासवर्डखाली.

आवाजासाठी वेगळी संमती घ्या : 'नोंदवू का' हा एक प्रश्न, 'सगळ्यांसमोर ऐकवू का' हा दुसरा. दुसऱ्याला नाही म्हटलं तर त्यांचंच वाक्य दुसऱ्या कोणीतरी वाचायचं. ४०-५० सेकंदांच्या वर एकही तुकडा नको. आणि बोलणं जसं आहे तसंच ठेवा, मराठी असो की बंबइया हिंदी.

नव्वद_फुटी
हे लक्षातच आलं नव्हतं. संमती एकदाच घेतली होती, 'नोंदवू का' एवढीच. पाच रकान्यांच्या फेरीतच दुसरा प्रश्न विचारतो. चौकोन केले तर पहाट-दिवस-रात्र रंग कसे दाखवायचे?

मोजपट्टी
तीन नकाशे, एकाच मापात, शेजारी शेजारी. 'काउंट पॉइंट्स' तीनदा चालवा, प्रत्येक वेळी एका वेळेची निवड करून. रंगांचे गट तिन्हींना सारखेच ठेवा, नाहीतर पहाटेचे २० आणि दुपारचे ४ एकाच गडद रंगात दिसतील.

गवती_चहा
मिळकत पत्रिकेसाठी अर्ज कुठे करायचा?