वर्षभर समर टाइम? आधी ग्लासगोत येऊन पोर शाळेत सोडा

ग्लासगोकर: परवा एका लंडनवाल्यानं इथं लिहिलं, 'घड्याळं मागे-पुढे करणं बंद करा, वर्षभर समर टाइम, म्हणजे उन्हाळ्यातलं तासभर पुढचं घड्याळ, ठेवा, सकाळच्या अंधाराचं कुणाला काय पडलंय?' मला पडलंय! डिसेंबरात आमच्याकडे वर स्कॉटलंडात सूर्य पावणेनऊला उगवतो, तुमच्या हिशेबानं पावणेदहाला उगवेल. शाळा नऊची. रस्त्यावरचा बर्फ उजेडातही दिसत नाही, एका हातात लेक, दुसऱ्यात टॉर्च. १९६८ ते ७१ हा प्रयोग करून झालाय. पोरांच्या दंडाला चमकत्या पट्ट्या बांधायची पाळी आली होती. शेवटी पार्लमेंटनं ३६६ विरुद्ध ८१ मतांनी तो गुंडाळला.

थेम्सकाठी: तो लंडनवाला मीच. त्या तीन वर्षांत एकूण अपघात कमी झाले, हे सोयीस्कर विसरलात. इथं चारच्या आत सूर्य बुडतो. साडेपाचला ऑफिसातून सुटतो तेव्हा मिट्ट काळोख.

ग्लासगोकर: समर टाइम ठेवलात तरी पाचच्या आत बुडेल. साडेपाचला तुम्हाला काय ऊन लागणार? आणि ६७ साली दारुड्या ड्रायव्हरांना नळीत फुंकायला लावायला सुरुवात झाली, त्याचं श्रेयही घड्याळालाच का?

नाइटवाली: उजेडाचं तुम्ही बघा. ऑक्टोबरात घड्याळ तासभर मागं जातं, तुम्ही तेवढं जास्त लोळता, तेव्हा माझी बारा तासांची नाइट तेरा तासांची होते. एकदा दीडचं बीपी लिहिलं, तासाभरानं पुन्हा दीड! पुढं 'दुसरे दीड' असं लिहून सही ठोकली. पगार मात्र बाराचाच. वर आईचा भारतातून रविवारचा फोन. ती दुपारी दीडला लावते, म्हणजे इथं उन्हाळ्यात नऊ, हिवाळ्यात आठ. नाइट करून नुकती आडवी झालेली असते हो मी.

सांगलीचा काका: आईनं घड्याळ कशाला बघायचं? तुम्ही उठा. आमचं वर्षभर एकच असतं.

नाइटवाली: काका, नाइट केलीय का कधी?

थेम्सकाठी: 'आमचं एकच' म्हणे! मुंबईनं १९५५ पर्यंत ३९ मिनिटं मागचा बॉम्बे टाइम चालवला. आसामच्या चहामळ्यात आजही घड्याळ तासभर पुढं असतं.

सांगलीचा काका: सांगली मुंबईत नाही.

थेम्सकाठी: धन्य!

नाइटवाली: आईला सांगून बघितलं, 'अडीचला लाव.' म्हणाली, 'अडीचला मी झोपते.'

सांगलीचा काका: बरोबर आहे त्यांचं.

ग्लासगोकर: अहो, धागा माझा होता.

थेम्सकाठी: घ्या परत. तुमची लेक अंधारात जाऊ नये, एवढं मान्य. मग वर्षभर हिवाळ्याचा टाइम ठेवू. जूनमध्ये ग्लासगोत पहाटे साडेतीनला सूर्य डोक्यावर. चालेल?

ग्लासगोकर: आत्ता साडेचारला येतो तेव्हा तरी कुठं झोपतोय? दोन पदरी पडदे लावलेत, वर खिळे ठोकून काळं कापड.