लोहगडावर साडेतीन आणि सहा वर्षांची मुलं: कशी तयारी करावी?

मृण्मयी_कोथरूड
डिसेंबरमध्ये एका शनिवारी लोहगडला जायचं ठरतंय. मुलगी सहा वर्षांची, मुलगा साडेतीन (वजन १४ किलो), आम्ही दोघं आणि सासूबाई. त्यांना रोज चालायची सवय आहे. मळवली स्टेशनवरून चालत जावं की पायथ्याच्या लोहगडवाडीपर्यंत गाडी न्यावी? धाकट्यासाठी पाठीवर बसवायची बॅग आणावी का? पाणी आणि खाऊ किती लागेल?

घाटवाट
गाडी थेट लोहगडवाडीपर्यंत न्या. मळवली, भाजे, गायमुख खिंड ही वाट छान आहे, पण पायऱ्या सुरू व्हायच्या आधीच मुलांचे पाय बोलायला लागतात.

वाडीतून मोठी माणसं साधारण पाऊण तासात वर पोचतात. तुम्ही पावणेदोन तास धरा. उतरायलाही तेवढाच वेळ ठेवा, कारण उतारावर मूल प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत येतं. साडेसातला चढायला लागा आणि कुठेही असलात तरी साडेअकराला परत फिरा. दुपारची झोप पायऱ्यांवर गाठते, तेव्हाच पाय अडखळतात.

मुलांना ‘वर किती राहिलं’ सांगू नका, दरवाजे मोजायला लावा: गणेश, नारायण, हनुमान, मग महादरवाजा. प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं बसा, दोन घोट पाणी द्या. नारायण दरवाज्यापाशी पूर्वी भात-नाचणी साठवायचं भुयार आहे, तिथे मुलं रमतात.

डॉ_बालरोग
एक गोष्ट कळकळीने सांगते. उंच पायरीवर मुलाला मनगट धरून वर ओढू नका. पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये कोपराजवळचं हाडाचं टोक त्याला धरून ठेवणाऱ्या पट्टीतून सहज निसटतं. मूल एकदम रडतं, मग हात अंगालगत लोंबता ठेवतं आणि त्या हाताने खाऊसुद्धा घेत नाही. सूज दिसत नाही, त्यामुळे ‘नाटक करतोय’ असं वाटतं. असं झालं तर चोळू नका, ओढून बघू नका, डॉक्टरांकडे न्या. उचलायचंच असेल तर काखेत दोन्ही हात घालून उचला. चालताना त्याला तुमची दोन बोटं धरू द्या, म्हणजे घसरला तरी झटका कोपराला बसत नाही.

चढताना मोठं माणूस मुलाच्या मागे, उतरताना एक-दोन पायऱ्या पुढे. मूल नेहमी डोंगराच्या बाजूला, दरीकडे तुम्ही.

नखं दोन दिवस आधी कापा. उतरताना बोटं बुटाच्या टोकावर आपटतात आणि वाढलेलं नख काळंनिळं होतं. बूट मोज्यांसह घालून बघा, पुढे हाताच्या अंगठ्याच्या अर्ध्या रुंदीएवढी जागा हवी. उतरायला लागण्याआधी घोट्याजवळची नाडी पुन्हा घट्ट बांधा. क्रॉक्स नकोत.

शिदोरी
पाणी: मोठ्यांना प्रत्येकी २ लिटर, मुलांना पाऊण ते एक लिटर. ओआरएसची लिटरची पुडी असेल तर पूर्ण एक लिटर पाण्यातच घाला. अर्ध्या बाटलीत घातली तर मीठ दुप्पट होतं, मूल ओकतं आणि उलट जास्त कोरडं पडतं.

खायला दशम्या, तूप-गुळाची पोळी, राजगिऱ्याचा लाडू, काकडीचे लांबट काप. धाकट्याला अख्खे शेंगदाणे, फुटाणे, चिक्की अजिबात नको. चालता-चालता, हसता-हसता दाणा श्वासनलिकेत जातो. खाणं बसूनच.

माकडं खूप आहेत. त्यांना प्लॅस्टिकच्या पिशवीचा आवाज कळतो. खाऊ डब्यात, डबा सॅकमध्ये, मुलांच्या हातात पुडा नाही. माकड जवळ आलंच तर मुलाला कडेवर घ्या आणि हळूहळू मागे सरा. दात दाखवून हसू नका, त्याला ते आव्हान वाटतं.

सह्यमित्र७
बॅगेबद्दल माझं मत: लोखंडी सांगाड्याची नको. १४ किलोचं मूल, अडीच-तीन किलोची बॅग, वर पाणी, म्हणजे १८ किलोच्या आसपास. शिवाय मुलाचं डोकं तुमच्या डोक्याच्या वर जातं. वाकताना दरवाज्याची कमान त्याला लागते आणि उतरताना तोल पुढे जातो.

घाटवाट
@सह्यमित्र७, सांगाड्याबद्दल सहमत. पण कमरेला पट्टा असलेलं कापडी कॅरिअर न्यावंच. साडेतीन वर्षांचं मूल उतरताना झोपणार हे जवळपास नक्की, आणि झोपलेलं मूल कडेवर घेऊन उतरलं तर पुढची पायरीच दिसत नाही. पाठीवरच बांधा, दोन्ही हात मोकळे ठेवा. दर अर्ध्या तासाने खाली काढा, पाय बधिर होतात. आणखी एक, तुम्ही घामाने भिजता पण पाठीवरचं मूल हलत नसतं. माथ्यावरच्या वाऱ्यात त्याची मान चाचपून बघा, गार लागली तर लगेच स्वेटर घाला.

मृण्मयी_कोथरूड
खूप उपयोग झाला, मनापासून आभार! विंचूकाट्यापर्यंत, म्हणजे गडाच्या त्या लांब निमुळत्या सोंडेपर्यंत, जाता येईल का?

सह्यमित्र७
माथ्यावरूनच बघा. तिकडे जायला कातळातून खाली उतरावं लागतं, मुलांना घेऊन ते नको. पवना धरण आणि समोरचा विसापूर माथ्यावरून छान दिसतात. मुलीच्या गळ्यात शिट्टी द्या आणि घरीच सराव करून घ्या: आपण दिसेनासे झालो तर जागेवर बसायचं, तीनदा वाजवायची, शोधायला निघायचं नाही. रुग्णवाहिकेचा नंबर १०८.

डॉ_बालरोग
सासूबाईंना एक काठी द्या. उतरताना गुडघ्यावरचा भार बराच कमी होतो.