काप न घेता रोगप्रतिकारक पेशी त्रिमितीत पाहता येतील का?

अभ्यासिका: विकृतिशास्त्राच्या शिक्षणात मी टॉन्सिलचे ४ मायक्रोमीटर जाडीचे काप रोज पाहते. लसीका पेशीच (लिम्फोसाइट, एक रोगप्रतिकारक पेशी) मुळी ७ ते १० मायक्रोमीटर व्यासाची असल्याने कापात तिचा एखादा तुकडाच सापडतो. लांब फांद्या असलेली, टी पेशींना (एका प्रकारच्या लसीका पेशींना) रोगजंतूंची ओळख करून देणारी डेंड्रायटिक पेशी तर सुट्या ठिपक्यांसारखी दिसते, आणि ती शेजारच्या टी पेशीला टेकली आहे की नुसती वरून गेली आहे, हे ठरवता येत नाही. मानवी ऊतकाचा अख्खा तुकडा पाहण्याची सोय आहे का?

पारदर्शी: आहे, मात्र आधी ऊतक पारदर्शक करावे लागते. पाण्याचा अपवर्तनांक (त्यात शिरताना प्रकाश किती वळतो याचे माप) १.३३ आणि मेद व प्रथिनांचा त्याहून बराच जास्त असल्यामुळे त्यांच्या सीमांवर प्रकाश विखुरतो. पाण्याच्या जागी प्रथिनांशी जुळणारा द्रव भरला की ही अडचण बरीचशी दूर होते. लाइपझिगचे शरीररचनाशास्त्रज्ञ श्पाल्टेहोल्झ यांनी शंभर वर्षांपूर्वीच हे साधले होते. ऊतक पारदर्शक करण्याची स्टॅनफर्डची २०१३ सालची ‘क्लॅरिटी’ पद्धत मेंदूसाठी गाजली, पण तुमच्या कामासाठी अमेरिकेतील रोगप्रतिकारशास्त्रज्ञ रोनाल्ड जर्मेन यांच्या गटाची २०१७ सालची ‘सीई-३डी’ पद्धत आधी पाहावी, असे मला वाटते. संपूर्ण तुकड्याचा नकाशा प्रकाशाच्या पातळ पडद्याने एकेक थर उजळणाऱ्या प्रकाश-पटल सूक्ष्मदर्शकाने लवकर मिळतो. पेशींच्या स्पर्शाचा प्रश्न मात्र एका वेळी एकाच पातळीतला प्रकाश टिपणाऱ्या कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकावर, उत्तम भिंग लावूनच तपासावा.

रंगद्रव्य: खरी कसोटी प्रतिपिंड (ठरावीक प्रथिनाला चिकटणारे, चमकता रंग जोडलेले रेणू) आतपर्यंत पोहोचवण्याची आहे. उंदरांमध्ये पेशी जनुकीय बदलाने चमकवता येतात. रुग्णाच्या ऊतकात सारी भिस्त प्रतिपिंडांवर असते. जाडी दुप्पट झाली की ते आत झिरपायला साधारण चौपट वेळ लागतो, शिवाय पृष्ठभागावरच्या पेशी त्यांना आधीच अडवून धरतात. आतला भाग काळा राहिला, तर तिथे पेशीच नाहीत, असा चुकीचा निष्कर्ष निघतो. त्यातच तांबड्या पेशी प्रकाश शोषतात आणि पेशींत साठणारे लायपोफ्युसिन हे रंगद्रव्य आपणहून चमकते, म्हणून न रंगवलेला एक तुकडा सोबत ठेवावाच.

अभ्यासिका: मग प्रतिपिंड मध्यापर्यंत पोहोचले, याची खात्री कशी करायची?

रंगद्रव्य: रंगवलेला एक तुकडा मधोमध कापा आणि उघड्या पडलेल्या पृष्ठभागावर तेच प्रतिपिंड दुसऱ्या रंगात लावा. नव्या रंगात दिसणाऱ्या पेशी जुन्या रंगात दिसत नसतील, तर ते पोहोचलेले नाही. त्याआधी तुमच्या नेहमीच्या पातळ कापावर तीच रसायने वापरून पाहा, कारण काही द्रावक प्रतिपिंडाला ओळखता येणारा भागच बिघडवतात.