अनुभव धागा: देवाचा धाक आणि देवाची ओढ, दोन्ही एकदम

शुभवर्तमान (धागाकर्ती)

जय ख्रिस्त मंडळी. बरेच दिवस मनात होतं ते आज विचारतेच. आपण येशूला मित्र म्हणतो, मेंढपाळ म्हणतो आणि ते खरंच आहे, त्याशिवाय माझा एक दिवस जायचा नाही. पण ज्यांनी ज्यांनी देवाला जवळून बघितलं त्यांचं काय झालं ते बघा ना. जळत्या झुडपापुढे मोशेने तोंड झाकून घेतलं. यशयाला मंदिरात सराफीम (देवासमोरचे पंखवाले देवदूत) दिसले, उंबरठे हादरले आणि तो म्हणाला आता माझं काही खरं नाही. पेत्राचं मला सगळ्यात जास्त भिडतं, जाळी फाटायची वेळ यावी इतके मासे मिळाले आणि हा येशूच्या गुडघ्यांशी पडून म्हणतो प्रभू माझ्यापासून दूर जा, मी पापी माणूस आहे. आणि योहान? शेवटच्या भोजनाला येशूच्या उराशी टेकून बसलेला शिष्य तो हाच असं आपण मानतो, तोच पात्म बेटावर त्याला बघून मेल्यासारखा पायाशी पडतो. म्हणजे जवळीक वाढली म्हणून धाक कमी झाला असं काही झालंच नाही, उलट ज्याला जास्त जवळून ओळखलं तोच जास्त वाकला.

तुम्हाला असं कधी जाणवलं ते लिहा. कॅथलिक, प्रोटेस्टंट, पेंटेकॉस्टल सगळ्यांनी लिहा. कोणाची पद्धत बरोबर हा वाद इथे नको प्लीज.

नगरी मंडळी

आमचं गाव नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचं). १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचं काम या भागात आहे त्यामुळे आमच्या घरात ख्रिस्ती विश्वास पाच-सहा पिढ्यांचा. चर्च म्हणजे कौलारू, खाली सतरंज्या, चपला बाहेर, बायका डोक्यावर पदर घेऊन एका बाजूला.

मला धाक म्हणजे काय ते प्रभुभोजनाच्या (येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस घेतात तो विधी) रविवारी कळलं. आदल्या संध्याकाळी मंडळीतले एक वडील यायचे, टेबल पुसायचे, इस्त्रीचा पांढरा कपडा घालायचे, छोट्या काचेच्या पेल्या एकेक करून उजेडात धरून बघायचे की डाग राहिला नाही ना. रस ओतताना एक शब्द बोलायचे नाहीत. ते एरवी दिवसभर बोलणारे, एस.टी.त कंडक्टर होते. आम्ही पोरं खिडकीतून बघायचो आणि आम्हाला कोणी गप्प बसा म्हणावं लागायचं नाही.

दुसऱ्या दिवशी पाळक करिंथकरांस पहिल्या पत्रातला अकरावा अध्याय वाचायचे, माणसाने आधी स्वतःची परीक्षा करावी आणि मग भाकर खावी तो भाग. एकदा तो वाचून झाला आणि माझी आजी उठली. सगळ्या मंडळीसमोर बायकांच्या बाजूला तिसऱ्या ओळीत बसलेल्या तिच्या जावेकडे गेली, बांधावरून दोघींचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं, आणि तिच्याजवळ खाली बसली. काय बोलली ते ऐकू आलं नाही. जाऊबाईंनी तिचा हात धरला आणि मग दोघींनी एका ट्रेमधून पेल्या उचलल्या. पाळक तोवर थांबून होते, ना घड्याळ बघितलं ना पुढचं गीत सांगितलं.

मी आता पुण्यात असतो, आमच्या इथल्या चर्चला प्रोजेक्टर आहे बँड आहे, मला ते पण आवडतं. पण प्रभुभोजनाला ट्रे माझ्यापर्यंत येतो तेव्हा मी आधी आठवतो कोणाशी बोलणं बंद आहे का. आणि असेल तर बाहेर जाऊन फोन करून येतो, मग घेतो.

वसईची सून

नगरी मंडळी, आजीचं वाचून डोळे भरले.

आमच्याकडे वसईत पवित्र आठवडा म्हणजे सगळं गाव बदलतं. गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सात (आमची मुख्य उपासना) ग्लोरियाला, म्हणजे देवाच्या गौरवाच्या गीताला, घंटा वाजतात आणि तिथून थेट ईस्टरच्या रात्रीपर्यंत गप्प. घंटेच्या जागी लाकडाची टकटक. पाय धुण्याचा विधी होतो, मिस्सा संपली की पवित्र साक्रामेंत (ख्रिस्ताचं शरीर मानतो ती भाकर) दुसऱ्या सजवलेल्या वेदीवर नेतात आणि मुख्य वेदी उघडी करतात, कापड, मेणबत्त्या, सगळं काढून घेतात. रोज गुडघा टेकून वळायची सवय असते तिथे टॅबरनॅकलचं (साक्रामेंत ठेवायच्या पेटीचं) दार सताड उघडं आणि आत काही नाही.

पण मला सांगायचंय ते शुक्रवारचं. गुड फ्रायडेचा विधी सुरू होतो ना तेव्हा गाणं नाही, प्रास्ताविक नाही, काही नाही. फादर लाल वस्त्रात शांतपणे येतात आणि वेदीसमोर सरळ जमिनीवर पालथे पडतात. तोंड फरशीला. आणि सगळं चर्च गुडघ्यावर. माझ्या लेकीने पहिल्यांदा बघितलं तेव्हा घाबरून विचारलं मम्मी फादर पडले का? मी म्हटलं नाही बाळा, ते देवासमोर आडवे झालेत. ती काही वेळ बघत राहिली आणि मग स्वतःच खाली बसून तिने कपाळ जमिनीला लावलं. मी सांगितलं नव्हतं. ज्या माणसासमोर आम्ही सगळे मान देऊन उभे राहतो, ज्यांच्याकडे पापनिवेदनाला जातो, तोच माणूस धुळीत पडलाय हे बघितलं की देव केवढा आहे हे पोराला वेगळं शिकवावं लागत नाही.

अक्षरजुळणी

मी डीटीपीचं काम करते, त्यात ख्रिस्ती मासिकं आणि उपासनेची पत्रकं पण असतात, म्हणून जरा वेगळ्या बाजूचं लिहिते.

केडगावला मुक्ती मिशनमध्ये, पंडिता रमाबाईंच्या संस्थेत, जाऊन आले तेव्हापासून त्यांचं काम डोक्यातून जात नाही. आपल्याला रमाबाई म्हणजे विधवांसाठीचं कार्य, दुष्काळातून आणलेल्या मुली, एवढं माहीत असतं. जून १९०५ मध्ये तिथे जे संजीवन (विश्वासाची मोठी जागृती) झालं, मुली रात्र रात्र रडून पापं कबूल करत प्रार्थना करत होत्या, ते पण बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. पण त्याच बाईने हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल मराठीत आणलं, शिकल्या नसलेल्या बाईलाही कळावं म्हणून, आणि ते छापायला खिळे (छपाईची शिशाची अक्षरं) जुळवायचं काम मुक्तीतल्याच बायका-मुली करायच्या. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरी काम थांबवलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या आणि पूर्ण बायबल त्यानंतर छापून बाहेर आलं.

मला यात देवाचा धाक दिसतो. ज्या बाईला संस्कृत तोंडपाठ, जिला कलकत्त्याच्या पंडितांनी सरस्वती पदवी दिली, ती साध्या शब्दापुढे थांबते, हा शब्द त्याचा आहे, यात माझी विद्वत्ता दिसायला नको म्हणून. मी स्तोत्रं लावायला घेते तेव्हा आधी हात धुते. कोणी सांगितलेलं नाही, पण होतं तसं. एकदा पत्रकात 'क्षमा'चा पाय तुटलेला दिसत होता, फॉन्टचा प्रॉब्लेम, गिऱ्हाईक म्हणालं चालेल हो ताई लोकांना कळतं, मी दुकान बंद झाल्यावर बसून तेवढं एक पान परत लावलं.

दर्यावर्दी

जहाजावर असतो, सेकंड ऑफिसर. थोडक्यात लिहितो. हिंदी महासागरात रात्री बारा ते चारचा वॉच (पहाऱ्याची पाळी), चंद्र नाही, ब्रिजवर (जहाज चालवतात त्या खोलीत) सगळे दिवे मंद, वर आकाशगंगा इतकी स्पष्ट की क्षितिज कुठे संपतं कळत नाही आणि खाली जहाजाच्या पुढच्या टोकाला पाणी हिरवंनिळं चमकतंय. रडार, जीपीएस सगळं समोर चालू, आपण कुठे आहोत ते मीटरमध्ये कळतंय. आणि तरी माझ्या तोंडून आठवं स्तोत्र निघालं, तुझं आकाश तुझ्या बोटांचं काम बघितलं तर मनुष्य तो काय की तू त्याची आठवण करावी. बरोबरचा खलाशी मुसलमान, त्याने पण हळूच सुभानल्लाह म्हटलं. दोघं नंतर बराच वेळ बोललो नाही. १०७ व्या स्तोत्रात लिहिलंय जहाजातून जाणाऱ्यांनी परमेश्वराची कृत्यं बघितली, ते आमच्यासाठीच आहे असं वाटतं.

मिरजेची सिस्टर

मी ओटी (ऑपरेशन थिएटर) नर्स होते, आता रिटायर. ट्रेनिंग मिरजेला, डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये काम सुरू केलं त्या मिशन हॉस्पिटलात. आमच्या वेळी ऑपरेशनच्या आधी सर्जन धुतलेले हात कोपरातून वर धरून उभे राहायचे आणि दोन वाक्यात प्रार्थना व्हायची. पेशंट कुठल्याही धर्माचा असो, बहुतेक जण स्वतःच हात जोडायचे. तेवढा वेळ ट्रॉलीचं चाक पण हलायचं नाही. एवढी मोठी डिग्री असलेला माणूस चाकू हातात घ्यायच्या आधी मान खाली घालतो हे मी रोज बघितलं, त्यामुळे मला कोणी श्रद्धेवर लेक्चर दिलं नाही तरी चाललं.

टाळ

आमच्याकडे घरगुती उपासनेला टाळ-मृदंग असतो, ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचे अभंग असतात. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ चा, मुंबईत, आणि आयुष्याच्या शेवटी १९१७ मध्ये त्यांनी 'देवाचा दरबार' हा भक्तांचा मेळा उभा केला. ख्रिस्ताला गुरु, माउली, सखा म्हणणारा माणूस, पण भरवायचा म्हटल्यावर दरबार! धागाकर्ती ताई म्हणतायत ते हेच आहे बहुतेक. आमचे अण्णा अभंग म्हणताना डोळे मिटून डोलायचे आणि अभंग संपला की मृदंगावर पालथा हात ठेवून आवाज बंद करायचे, मग कोणी लगेच पुढचं सुरू करायचं नाही. लहानपणी कंटाळा यायचा त्या मधल्या वेळेचा. आता मी मृदंगावर असतो, आणि मला तोच वेळ हवा असतो.

नवीन आयडी

सगळ्यांचं वाचलं, खूप छान वाटलं. पण मला खरं विचारायचंय, मी एकोणीस वर्षांची, हॉस्टेलला असते. मला लहानपणी देव बघतोय, शिक्षा करेल असंच सांगितलंय, त्यामुळे धाक म्हटलं की पोटात गोळा येतो आणि प्रार्थना करावीशीच वाटत नाही. तुम्ही म्हणताय तसा धाक मला कधी जाणवला नाही.

शुभवर्तमान (धागाकर्ती)

बाळा, बरं झालं लिहिलंस. शिक्षेची भीती आपल्याला देवापासून पळवते, एदेन बागेत आदाम झाडामागे लपला ना, ती हीच भीती. वर जे सगळे लिहितायत त्यातलं कोणी पळालेलं नाही बघ, आजी जावेकडे गेली, लेकरू आपणहून जमिनीशी वाकलं. आणि योहान पायाशी पडला तेव्हा येशूने काय केलं, उजवा हात त्याच्यावर ठेवला आणि म्हणाला भिऊ नको. पडू पण दिलं आणि हात पण ठेवला. प्रकटीकरणाचा पहिलाच अध्याय आहे, सतरावं वचन, आज तेवढंच वाच. प्रार्थना जमत नसेल तर नको करू जबरदस्तीने, दर्यावर्दी दादांनी सांगितलेलं आठवं स्तोत्र घे, नऊच वचनं आहेत, हॉस्टेलच्या गच्चीवर जाऊन मोठ्याने वाच. आणि शिक्षेचं कोणी काय सांगितलं होतं ते मला मेसेजमध्ये लिही, निवांत बोलू.

वसईची सून

आणि या वर्षी गुड फ्रायडेला हॉस्टेलला एकटी राहू नकोस, आमच्याकडे ये. दुपारी तीनच्या विधीला पुढे जागा मिळायला लवकर निघावं लागतं, मी स्टेशनवर घ्यायला येईन.