लिफ्टचा आरसा आणि कालची क्लिप

ए-१०४ (सेक्रेटरी): काल रात्री साडेअकराच्या सुमारास लिफ्टमधला आरसा फुटला. कॅमेऱ्यात तीन मुलं दिसतात, लाथ एकाने मारली आहे. मुलगा आपल्याच इमारतीतला आहे. घरच्यांशी बोलणं झालंय. क्लिप ग्रुपवर टाकणार नाही.

बी-३०२: का नाही? टाका की! मागच्या महिन्यात जिन्यातला दिवा, आता आरसा. चारचौघांत मान खाली गेल्याशिवाय ही पोरं वठणीवर येत नाहीत.

सी-५०१: लपवण्यासारखं काही नाही, मुलगा माझा आहे. पंधरा पूर्ण. आरसा भरून देऊच. पण खरं सांगते, माझे उपाय संपलेत. मोबाइल महिनाभर काढून घेतला. बाहेर जाणं बंद केलं. गेल्या वर्षी ह्यांनी दोनदा हात उचलला. दर वेळी आठवडाभर घर शांत असतं, मग पुन्हा तेच, आधीपेक्षा जास्त. काल तो आला तेव्हा मी ओरडत सुटले आणि तो बूट न काढता दारातच उभा. घोट्यातून रक्त येत होतं. ते मला पाच मिनिटांनी दिसलं.

ए-४०२: आमच्या वेळी वडिलांचा एक हात पुरायचा. आम्ही मार खाऊनच मोठे झालो, काही बिघडलं नाही.

बी-३०२: कडक शिस्तीच्या शिबिरात टाका, नाहीतर एकदा तुरुंग आतून दाखवून आणा. भीती बसायला हवी.

डी-२०३: मी शाळेत समुपदेशक आहे, चौदा वर्षं याच वयाची मुलं बघतेय. जरा लांब लिहिते, सांभाळून घ्या.

तुरुंग दाखवण्याचा प्रकार अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर करून झालाय. अशा नऊ प्रयोगांचे निकाल एकत्र तपासले, तेव्हा भीती घालून आणलेल्या मुलांनी पुढे गुन्हे जास्त केले, कमी नाही. कडक शिस्तीच्या शिबिरांनीही एकूण गुन्हे कमी झाल्याचं दिसलं नाही. बिघडत चाललेली दहा मुलं एका खोलीत ठेवली की ती एकमेकांची वाहवा मिळवायला शिकतात.

आजोबा, तुमचा मान ठेवून बोलते. मार खाऊन तुम्ही चांगले निघालात, पण माराने नव्हे. घरात जिव्हाळाही असणारच. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली पालकांना स्पष्ट सांगितलं की मारू नका. माराने वागणं तेवढ्यापुरतं थांबतं, पुढे आक्रमकपणा वाढतो.

आणि ताई, तुमच्या घरात जे चाललंय ते गेराल्ड पॅटरसन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने घराघरांत बसून टिपून ठेवलंय. आपण ओरडतो, मूल त्याहून जोरात ओरडतं, आपण दमून सोडून देतो. मुलाला कळतं, आवाज चढवला की सुटका होते. दुसऱ्या दिवशी आपण आणखी चढवतो, ते गप्प बसतं, आणि आपणही तेच शिकतो. या चक्रात कोणीच वाईट नसतं, म्हणूनच त्यातून बाहेर पडणं अवघड जातं.

महिनाभर मोबाइल बंद म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर त्याच्याकडे गमावण्यासारखं काही उरत नाही. मग तो नीट वागेल कशासाठी? शिक्षा एका-दोन दिवसांची ठेवा, आधी सांगितलेली, आणि चुकीशी जोडलेली. घरात नियम तीन-चारच हवेत, पण ते पाळले गेलेच पाहिजेत. रागाच्या भरात शिक्षा ठरवूच नका. ‘आत्ता मी चिडले आहे, उद्या संध्याकाळी बोलू’ एवढं म्हणा, आणि उद्या नक्की बोला.

बी-३०२: म्हणजे आरसा फोडून मोकळा? माझी मुलगी रोज त्याच लिफ्टने जाते, काच तिच्या पायात गेली असती.

डी-२०३: मोकळा अजिबात नाही, आणि तुमची काळजी रास्त आहे. ही गोष्ट तुम्हीच त्याच्यासमोर बसून, न ओरडता सांगा. बघा किती लागते ते. क्लिप टाकली तर मात्र तो केलेल्या कृत्याचा विचार सोडून आपल्या सगळ्यांवर चिडत बसेल.

तो एकटा नव्हता, तिघं होते, हेही विसरू नका. २००५ साली मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी गाडी चालवण्याच्या खेळावर प्रयोग केला. मित्र सोबत असताना १३ ते १६ वर्षांच्या मुलांनी एकटं असतानापेक्षा कितीतरी जास्त धोका पत्करला. २४ च्या पुढच्यांना मित्रांनी फारसा फरक पडला नाही. त्यामुळे रात्री उशिरा घोळक्याने हुंदडणं कमी करा, आख्खे मित्र तोडू नका.

सी-५०१: मित्र कोण, कुठे जातो, काहीच सांगत नाही. मी दप्तर तपासते, मोबाइल बघते.

डी-२०३: स्वीडनमध्ये होकान स्टॅटिन आणि मार्गारेट केर या संशोधकांनी २००० साली हेच तपासलं होतं. पालकांना मुलांबद्दल जे माहीत असतं, ते बहुतेक मुलांनी आपणहून सांगितलेलं असतं, तपासणीतून कमीच कळतं. दिवसातून दहा मिनिटं अभ्यास, मोबाइल आणि आरसा सोडून बोला. सुरुवातीला तो हूं-हूं करेल, तरी सोडू नका.

एक विचारते, उत्तर इथे नको, मला वेगळं कळवा. तो नीट झोपतो का? आधी आवडायचं ते सोडून दिलंय का? स्वतःला इजा, मरणाच्या गोष्टी असं काही? या वयात नैराश्य कित्येकदा रडण्याऐवजी चिडचिडीतून दिसतं. तसं असेल तर शिस्तीचा विषय बाजूला ठेवून आधी डॉक्टर.

ए-१०४ (सेक्रेटरी): आरसा बसवणारा माणूस शनिवारी दहाला येतोय. मुलाने सोबत उभं राहून मदत करावी, असं सुचवतो. अर्धा खर्च त्याच्या खर्चाच्या पैशातून, हप्त्याने.

ए-४०२: मीही येईन खाली. त्याला ओरडणार नाही.

बी-३०२: ठीक आहे. शनिवारी मीही बोलेन त्याच्याशी.

सी-५०१: घोट्याची पट्टी आत्ता बदलली. विचारत होता, क्लिप टाकली का ग्रुपवर. नाही म्हटलं. काही बोलला नाही, पण खोलीत न जाता इथेच बसून राहिलाय.