वडिलांची भीती समजली म्हणून वडील सुटतात का?

रानजाई
थी बुई यांचं 'द बेस्ट वी कुड डू' गेल्या आठवड्यात वाचून संपवलं. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी: लेखिकेचा जन्म १९७५ चा, व्हिएतनाममधल्या सायगावचा. १९७८ मध्ये आईवडील पोरांना घेऊन होडीतून देशाबाहेर पडले, मलेशियातल्या निर्वासितांच्या छावणीत धाकटा भाऊ झाला, आणि तिथून अमेरिका. मोठेपणी तिने दोघांना त्यांचं आयुष्य खोदून खोदून विचारलं, ते मांडायला कॉमिक्स काढायला शिकली, आणि २०१७ साली हे ग्राफिक नॉव्हेल आलं. तीनशेच्या वर पानं, काळी रेघ आणि विटकरी रंग, एवढंच.

माझं भांडण एका भागाशी आहे. सॅन डिएगोच्या घरात आई कामाला गेलेली, वडील (ती त्यांना 'बो' म्हणते) मुलांजवळ घरी. सिगरेटचा धूर, भुताखेतांच्या गोष्टी, पोरं धास्तावलेली. धाकटा भाऊ तासन्‌तास कपाटात बसून राहतो. मग लेखिका आपल्याला बोच्या लहानपणात नेते. उत्तर व्हिएतनाम, १९४५ ची उपासमार, आणि पुढे फ्रेंच सैनिक गावात माणसं मारत असताना जमिनीखाली लपलेला एक लहान मुलगा. तिथे ती म्हणते की मला वाटणारी भीती ही त्यांच्याच भीतीची लांबलेली सावली होती.

वाचताना मी रडले. पुस्तक मिटल्यावर मात्र राग आला. आमच्या घरी वडील भरलं ताट भिंतीवर फेकायचे. आम्ही पोरं गप्प बसावी म्हणून आजी सांगायची, "बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलीय त्याने, मिलोची भाकरी खाल्लीय." पण आईनेही त्याच दुष्काळात तीच खडी फोडली होती. तिने कधी ताट फेकलं नाही. इतिहासाने सगळं समजतं, पण मग भोगणाऱ्याचं काय?

पैलतीर
असहमत, आणि ठामपणे असहमत. सावली म्हणणं म्हणजे माफी नव्हे. रानजाई, तुम्ही बोच्या वडिलांची पानं पुन्हा बघा. तो आजोबा बायकोला मारतो आणि घराबाहेर काढतो. बाहेर माणसं भुकेने मरतायत आणि हा घरच्या बाईला रस्त्यावर लोटतो. ते पाप लेखिका फ्रेंचांच्या माथी मारत नाही. घरातला जुलूम घरातलाच म्हणून दाखवते.

पण उपासमारीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण दुष्काळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे न पडलेला पाऊस येतो. टाँकिनमध्ये, म्हणजे उत्तर व्हिएतनाममध्ये, तसं नव्हतं. जपानी फौजा आणि फ्रेंच प्रशासन दोघांनी मिळून शेतकऱ्यांकडून सक्तीने तांदूळ उचलला. भाताच्या जमिनीत ताग लावायला लावला. दक्षिणेत तांदूळ होता, पण बॉम्बफेकीने रेल्वे तुटली होती, तो वर पोचेना. त्यात पूर आले. मेलेल्यांचा आकडा कुणी चार लाख सांगतं, कुणी वीस लाख. २ सप्टेंबर १९४५ ला हनोईत स्वातंत्र्य जाहीर करताना हो ची मिन्ह यांनी वीस लाखांहून जास्त म्हटलं होतं. आपल्याकडे बंगालात १९४३ ला हेच झालं, तीसेक लाख माणसं गेली.

हे सांगितलं नाही तर बो हा नुसता एक विक्षिप्त बाप उरतो. परदेशात गेलेल्या अशा बापांना गोरे शेजारी 'ही माणसं असलीच' म्हणून मोकळे होतात. लेखिकेने ती वाट बंद केली. मला हे काम फार मोठं वाटतं.

ओसरी
पैलतीरना दुजोरा. वंशभेद म्हटलं की आपण गोरा विरुद्ध इतर एवढंच धरतो. या पुस्तकात इंडियानातली चुलत भावंडं नुकत्याच आलेल्या या पोरांना म्हणतात, असं खोक्यातून थेट सिरियल खाऊ नका, निर्वासितांसारखं वागू नका. ती भावंडंही तिकडूनच आलेली, फक्त आधी. हे वाचून पोटात कालवलं.

आणि छावणीतले ते फोटो. सगळं पुस्तक हाताने काढलेलं, आणि मध्येच एका पानावर घरच्यांचे ओळखपत्राचे खरे फोटो. तोवर आपण रेषांमधल्या माणसांना पात्रं समजून वाचत असतो.

रानजाई
@पैलतीर, आजोबांचं पान मी विसरले नव्हते. माझा मुद्दा तिथूनच सुरू होतो. तीन पिढ्यांत मार कोणी दिला याची कारणं शोधायला लेखिका युद्धापर्यंत जाते. मार न देणाऱ्यांची कारणं कुणी शोधत नाही. आई कशी काय नाही मोडली? ते फक्त तिचं 'सोसणं' म्हणून पुढे जातं. आपल्या आत्मचरित्रांतही हेच होतं, बापाचं वादळ चार प्रकरणं आणि आई चुलीपाशी.

मांडवी
रानजाई, आईबद्दल तुमचं म्हणणं मला पटत नाही. तिला स्वतंत्र प्रकरण आहे, आणि माझ्या मते ते पुस्तकातलं सर्वांत अवघड प्रकरण. ती सुखवस्तू घरातली, फ्रेंच शाळेत शिकलेली. तिचं शिक्षण, तिची पुस्तकं, लग्न न करता शिकत राहण्याचं स्वप्न, सगळं त्या शाळेने दिलेलं. ज्या राजवटीने बोच्या गावात माणसं मारली तिनेच या आईला वाचायला शिकवलं. नवराबायको एकाच घरात हे दोन इतिहास घेऊन राहतात.

माझी आजी गोव्यात पोर्तुगीज शाळेत सेगुंद ग्रावपर्यंत, म्हणजे प्राथमिकच्या दुसऱ्या टप्प्यापर्यंत, शिकली. १९६१ नंतर तिची ती विद्या कुणाच्या कामाची उरली नाही. म्हातारपणी हिशेब मात्र पोर्तुगीजमध्येच पुटपुटायची, आणि कुणी ऐकतंय असं दिसलं की थांबायची. ते थांबणं मला या आईत दिसलं. तिची पहिली मुलगी तान्हेपणीच गेली, पुढे एक मूल मृत जन्मलं, आणि तरी ती लेकीशी मोकळं बोलत नाही. ते सोसणं म्हणून लिहिलेलं नाही. लेकीला आई कळत नाही, हे लेकीने कबूल केलंय. सुरुवातीलाच बघा ना, लेकीच्या बाळंतपणासाठी एवढ्या लांब आलेली आई ऐन वेळी खोलीबाहेर निघून जाते.

पैलतीर
मांडवी, हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं. रानजाईंच्या 'मोडली कशी नाही' या प्रश्नाला उत्तर कदाचित हेच, की मोडली, फक्त आवाज झाला नाही. माफीबद्दल माझं मत तेच आहे.

रानजाई
माझंही तेच आहे. बापाच्या पानांवर माझा राग अजून आहे आणि तो राहील.

पण मांडवीताईंचं वाचून काल रात्री आईला फोन केला. बहात्तरात तू काय खात होतीस, असं विचारलं. आधी म्हणाली, हे काय मध्येच. मग खडी केंद्रावर मिळणाऱ्या सुकडीची चव सांगितली, ती पदरात बांधून धाकट्या मामासाठी कशी न्यायची ते सांगितलं. वडिलांचं नाव एकदाही आलं नाही. पाऊण तास बोलली. आज सकाळी तिचाच फोन आला, म्हणे एक राहिलं सांगायचं.